दारच्या वेलीचा दुधी

चवकाकू हे काही तिचं खरं नाव नव्हे. कच्ची भाजी दाताखाली घातल्याशिवाय ती पातेल्यात टाकायची नाही, म्हणून गल्लीनं तिला हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. काकडी असो, दोडका असो, भोपळा असो, देठाकडची एक चकती कापायची, चावायची, डोळे बारीक करून जरा थांबायचं आणि मगच पुढे सुरी चालवायची. भाजीवाली वैतागायची. "काकू, भाजी घेताय की मुलाखत?" काकूचं उत्तर ठरलेलं असायचं: "मुलाखतीत चूक झाली तर माणसाला घरी पाठवता येतं बाई. पोटात गेलेल्याला कुठे पाठवू?"

ही सवय तिला कारखान्याच्या कँटीननं लावली. अठरा वर्षं ती तिथे चारशे माणसांचं रांधत होती. एकदा तिथल्या एका हमालानं पैजेवर कडू दुधीचा पेलाभर रस पिऊन दाखवला. कडू ते औषधी, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत गडी रक्ताच्या उलट्या करायला लागला. पाच दिवस सलाइनवर होता, तेव्हा कुठे वाचला. डॉक्टरांनी सगळ्या कँटीनला उभं करून झापलं, की कडू दुधी म्हणजे विष, शिजवूनसुद्धा ते जात नाही. बाकीचे महिन्याभरात विसरले. काकू विसरली नाही.

कारखाना बंद पडल्यावर तिनं घरूनच डबे सुरू केले. नऊ डबे, नऊही जण म्हातारे आणि एकटे. जे ज्या महिन्यात पिकतं तेच शिजवायचं, सकाळी शिजवलेलं दुपारी पोटात गेलं पाहिजे, आणि जेवून उठणाऱ्यानं ढेकर दिला पाहिजे, एवढंच तिचं शास्त्र. मुलगा नोकरीसाठी दूर गेलेला. घरात ती आणि सून. सून सकाळी डबे भरू लागायची आणि मग शिवणाच्या कारखान्यात कामाला जायची. पोरगी कामसू, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. आणि निघाला तरी तो ऐकून घ्यायची काकूला सवय नव्हती. आता खोटं कशाला सांगू?

नवव्या डब्याचे धनी मास्तर. मागच्या रस्त्याच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचे. उभा जन्म भूगोल शिकवण्यात गेलेला. चार महिन्यांपूर्वी मोठा ताप आला आणि जाताना जिभेची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. मीठ आणि साखर सारखीच लागायला लागली. मास्तरांनी जेवणच टाकलं, अंगावर सदरा लोंबायला लागला. तेव्हा काकू स्वतः चार मजले चढून गेली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, भूक जिभेला नसते, पोटाला असते. चव नाही तर नाही. माझ्यावर विश्वास ठेवायचा आणि डबा पुसून रिकामा करायचा. परत आलेल्या डब्यात मला शितसुद्धा दिसता कामा नये."

मास्तर शिस्तीचे. त्या दिवसापासून साडेबाराला ते पानावर बसत, आणि डबा असा लख्ख येई की घासायची गरज नाही. काकू तो डबा सुनेला उघडून दाखवायची. "बघ, याला म्हणतात जेवणं."

आता त्या वेलीबद्दल सांगायला हवं. मागच्या अंगणात जिथे काकू भाजीची सालं टाकायची, तिथे चैत्रात एक वेल आपोआप उगवली. कुणी पेरली नाही, पाणी घातलं नाही. काकूनं तिला काठ्यांचा मांडव केला, सुतळीनं बांधलं, सकाळी उठून आधी तिच्याकडे जायचं, मग चहा. पुढे पांढरी फुलं आली आणि मग एक दुधी धरला, पाठोपाठ दुसरा. काकूनं गल्लीतल्या प्रत्येकाला हाताला धरून नेऊन ते दाखवले. भाजीवालीला तर दोनदा.

दोन्ही दुधी हाताएवढे झाले तो मंगळवार. नेमकी त्याच सकाळी काकूची दाढ काढायची होती. आठ वाजता ती दवाखान्यात गेली, नऊला परतली ती अर्धा जबडा बधिर करूनच. ओठ कुणा दुसऱ्याचाच लावल्यासारखा वाटत होता. बोलताना शब्द घरंगळत होते. डॉक्टरांनी दुपारपर्यंत तोंडात काही घालू नका म्हणून बजावलं होतं.

"आई, आज मी चाखते," सून म्हणाली.

"काय चाखायचंय?" काकूनं दुधी दोन्ही हातांत धरला होता. "बाजारचा असता तर गोष्ट वेगळी. हा आपल्या दारचा आहे."

आपला तो बाब्या! भाजीवालीच्या दुधीची चकती चावल्याशिवाय न सोडणारी बाई, पण स्वतःच्या वेलीचे दोन्ही दुधी तिनं न चाखता चिरले, फोडणी दिली, झाकण ठेवलं.

मीठ बघायला सुनेनं चमचाभर रस्सा जिभेवर टेकवला. तिचा चेहरा आक्रसला. तिनं मोरीत जाऊन चूळ भरली.

"आई, कडवट लागतंय."

"जिरं जळलं असेल."

"जिऱ्याचं नाही वाटत. दुधीच..."

"माझ्या वेलीचा दुधी कडू?" काकू बधिर ओठानंच कडाडली. "चार वर्षं झाली या घरात, अजून तुला फोडणी धड कळत नाही, आणि दुधी शिकवतेस मला? कडू असेल तर तुझी जीभ असेल!"

काकूनं पातेल्यात दोन टोमॅटो आणि चमचाभर साखर ढकलली, ती मात्र कुणाला न दाखवता. म्हणजे मनात कुठेतरी पाल चुकचुकलीच होती. पण एकदा बोलून बसल्यावर माघार कशी घ्यायची? त्यात दाढेची जागा ठणकायला लागली. सून खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही पडा जरा. डबे मी भरते." काकू आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. स्वयंपाकघरातून सुरीचा आवाज येत होता, मग कढईचा. काकड्या चिरत असेल, असं म्हणून तिनं डोळे मिटले. पावणेबाराला डबे नेणारा सायकलवाला भाऊ आला, गेला. पाठोपाठ सूनही कामाला गेली. जाताना तिनं "येते" म्हटलं, त्याला काकूनं उत्तर दिलं नाही.

सव्वाबाराला काकू उठली तेव्हा ओठ जाग्यावर आला होता. जिभेला मुंग्या येत होत्या. तिनं पातेल्यात बोट बुडवलं आणि चाटलं.

एका बोटाचा कडूपणा तो केवढा! टाळूला, घशाला, कानापर्यंत गेला. दाढेच्या जागेतला कापूस काढून टाकून, चूळ भरून, परत चूळ भरूनही जाईना. काकूला समोर तो हमाल दिसला, कँटीनच्या फरशीवर पोट धरून पडलेला.

आठ जण वाचतील, तिनं लगेच हिशेब केला. पहिल्याच घासाला थुंकतील. नववा थुंकणार नाही. नवव्याला कळणारच नाही. तो डबा पुसून खाईल, कारण तसं त्याला आपणच सांगितलंय.

तिनं मास्तरांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. जेवणाच्या वेळी मास्तर फोन आतल्या खोलीत उशीखाली ठेवत, हे तिला ठाऊक होतं. जेवताना फोन म्हणजे वर्गात बडबड, असं त्यांचं मत. पायात दोन वेगळ्या चपला घालून ती बाहेर पडली आणि चालता चालता तिनं सायकलवाल्याला फोनवर गाठलं.

"दादा, मास्तरांचा डबा?"

"केव्हाच दिला, काकू."

"तू आहेस कुठे?"

"स्टेशनच्या पलीकडे. का, काय झालं?"

"सगळ्यांना फोन कर, दुधीला हात लावू नका म्हणावं. खराब आहे. कारण विचारलं तर सांग, काकूची चूक झाली!"

फोन ठेवते न ठेवते तोच बँकेतून निवृत्त झालेल्या आजींचा फोन. "अगं, काय विष शिजवलंस की काय? एक घास घेतला आणि थुंकले मी!"

"थुंकलात ना? देव तुमचं भलं करो," असं म्हणून काकूनं फोन बंद केला. आजी पलीकडे चाटच पडल्या असतील.

चौकातल्या घड्याळात बारा अठ्ठावीस झाले होते. काकूला धावणं माहीत नव्हतं. कँटीनमध्ये तिच्यासाठी लोक धावत. गुडघा कुरकुरत होता, दाढेच्या जागेतून रक्ताची चव येत होती. रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्यानं शिवी दिली, ती तिनं ऐकलीसुद्धा नाही. तिच्या डोक्यात एकच घोकणं चाललं होतं. आज उशीर करा मास्तर, आज तेवढा उशीर करा. आयुष्यात कधी केला नसेल, आज करा.

इमारतीची लिफ्ट बंद. पहिला मजला ती दोन-दोन पायऱ्या चढली, दुसरा एकेक. तिसऱ्यावर कठडा धरून वाकली, तेव्हा कुणाच्या तरी घरातल्या रेडिओवर साडेबाराच्या बातम्या संपत आल्या होत्या. "मास्तर!" तिनं तिथूनच हाक मारली. वरून उत्तर आलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चकती चाखून बघायला काय लागत होतं? सून चाखते म्हणाली तर तिला चाखू द्यायला काय लागत होतं?

चौथ्या मजल्यावरचं दार नुसतं लोटलेलं होतं. काकू आत शिरली. मास्तर खिडकीजवळच्या टेबलाशी पाठमोरे बसले होते. ताठ, नेहमीसारखे. चमच्यानं डब्याची कड खरवडल्याचा आवाज येत होता.

"खाऊ नका!" काकू ओरडली, आणि पुढे होऊन तिनं त्यांच्या हातातला डबा हिसकावला.

डबा रिकामा होता. तिला उशीर झाला होता.

"थुंका, मास्तर. ओकून टाका. मी मिठाचं पाणी आणते... नाही, नाही, दवाखान्यात चला, आत्ता चला, उठा! माझ्या हातून पाप घडलं." बोलता बोलता तिनं त्यांचा दंड धरला. मास्तर गडबडून उभे राहिले, त्यांच्या हातात चमचा तसाच होता.

"काकू, अहो काकू, काय झालंय?"

"दुधी कडू होता. विषारी असतो तो."

"कुठला दुधी?" मास्तर म्हणाले. "आज मला लाल भोपळा होता."

काकूला आधी कळलंच नाही. मग तिनं हातातल्या डब्यात नीट बघितलं. कडेला केशरी डाग होता, कालच आणलेल्या भोपळ्याचा. त्याची चकती तिनं स्वतः चावून बघितली होती आणि उद्यासाठी अर्धा बाजूला ठेवला होता.

"डब्यावर चिठ्ठी होती," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, टेबलावरचा कागदाचा कपटा उचलला आणि वर्गात वाचावं तसा वाचून दाखवला. "मास्तर, आज दुधी कडवट वाटला. दुसऱ्यांना कळेल, ते टाकतील. तुम्हाला कळणार नाही म्हणून तुमच्यासाठी वेगळी भाजी केली आहे. आईंना सांगू नका."

काकू मटकन खुर्चीत बसली. पदर तोंडाला लावून ती रडली, आणि रडण्यात दाढेची जागा आणखी दुखली. मास्तर पाण्याचा पेला घेऊन उभे राहिले. ती पाणी प्यायल्यावर ते म्हणाले, "सूनबाईंना मी वचन दिल्यासारखंच होतं. आत्ता तुम्हाला वाचून दाखवलं, ते चुकलं माझं."

"नाही चुकलं," काकू म्हणाली. "तुमच्यापैकी कुणाचंच नाही चुकलं."

घरी येऊन तिनं अंगणात खड्डा करून पातेलं त्यात रिकामं केलं आणि वेल मुळापासून उपटली. मांडवाच्या काठ्या मोडताना हाताला ओरखडे आले. संध्याकाळी सून आली तेव्हा काकू पायरीवर बसून होती. शेजारी मास्तरांकडून आणलेली ती चिठ्ठी होती. सुनेनं ती पाहिली.

"आई, मी..."

"कडू दुधी विषारी असतो, हे तुला माहीत होतं?"

"नाही. विषारी असतो हे नव्हतं माहीत." सून मान खाली घालून म्हणाली. "माहीत असतं तर तुम्ही कितीही ओरडला असतात तरी मी एकही डबा जाऊ दिला नसता. मला फक्त वाटलं, ज्याला कडू कळत नाही त्याला कडू घालणं बरं नाही."

काकू उठली, सुनेला घेऊन आत गेली, सकाळी बाजारातून आलेली काकडी घेतली आणि देठाकडची चकती कापली. सवयीनं ती चकती तोंडाकडे गेली. मग हात मध्येच थांबला.

"हे घे," ती म्हणाली आणि चकती सुनेपुढे धरली. "आजपासून आधी तू. आणि कडू म्हणालीस की कडू. मग ती माझ्या दारची असो नाहीतर माझ्या माहेरची."

सुनेनं चकती तोंडात टाकली. काकू श्वास रोखून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"गोड आहे, आई."

"मग चिर," काकू म्हणाली.