पुडीची घडी

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते आणि मग थोडी लाज वाटते. नावे कुणाचीच सांगणार नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्या पोलीस ठाण्यात मी तेव्हा नोकरीला होतो, तिथले लोक वाचता वाचता ओळखतीलच.

आमच्या हद्दीतल्या आठवडी बाजारात खाकी पँट घातलेल्या एका माणसाने एका म्हातारीला थांबवले. मी पोलीस आहे, पुढे चोऱ्या होत आहेत, असे सांगून त्याने तिला गळ्यातली सोन्याची पोत काढायला लावली आणि कागदाच्या पुडीत घालून तिच्याच हातात दिली. घरी जाऊन तिने पुडी उघडली तर आत खडे. आम्ही फिर्याद घेतली, पंचनामा केला, खडे आणि कागद जप्त केले.

दोनच दिवसांनी आमचा खबऱ्या आला. चहाचा दुसरा कप मागून घेतल्यावर तो म्हणाला की गावातला नट शिंप्याकडून फौजदाराची वर्दी शिवून घेतोय. नट कोण, हे सांगायची गरजच नव्हती. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या भावाने तोतया फौजदार बनून लग्नाची अख्खी बस अडवली होती आणि पुढे दरोडेखोर आहेत असे सांगून नवरीसकट सगळ्या बायांचे दागिने उतरवून नेले होते. भाऊ तुरुंगात गेला आणि जिल्हाभर गाजला. धाकटा एसटीत चढला की बाया पदराखाली पोत झाकायच्या. गावच्या नाटक मंडळीने त्याला बारा वर्षे चोराचीच भूमिका दिली.

जमादाराने त्याला नाटकाच्या तालमीतूनच आणले, वर्दीसकट. दारावरच्या नव्या शिपायाने त्याला पाहून कडक सॅल्यूट ठोकला. त्यानेही उलट सॅल्यूट केला, आणि माझ्यापेक्षा चांगला केला.

मी बराच वेळ आवाज चढवून विचारपूस केली. बाजाराच्या दिवशी तो कुठे होता, कुणाबरोबर होता, सगळे त्याने नीट सांगितले. मग हात जोडले.

"साहेब, उद्या संध्याकाळी प्रयोग हाय. पयल्यांदा फौजदार करून राह्यलो. आज हितं बसलो, तं जलमभर चोरच करा लागन मले."

मी म्हणालो, बघू तुझा फौजदार. त्याने मिशीला पीळ दिला, टेबलावर हात आपटला आणि अशी डरकाळी फोडली की जमादार खुर्चीतून उठून उभा राहिला.

फिर्यादी म्हातारी रोज पोतीची चौकशी करायला यायची. तेव्हाही ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. आवाज ऐकून ती आत डोकावली. रीतसर ओळख परेड तहसीलदारांसमोर होते. तिने मात्र ती उभ्याउभ्याच उरकली.

"हा नाही तो, साहेब. त्यानं मले माय म्हनलं, सावलीत बसवलं, पानी देल्लं. हा तं खऱ्या पोलिसासारखा खेकसते."

जमादार छताकडे पाहू लागला. मी फाइलमध्ये तोंड घातले.

नट मात्र टेबलावरच्या कागदाकडे पाहत होता. त्याने तसाच एक रद्दी कागद मागितला आणि जप्त कागदावरच्या घड्यांच्या खुणा बघत बघत पुडी बांधली.

"किरानावाला दोरा बांधते, साहेब. हितं दोन्ही टोकं एकमेकांत खोचली. चूर्ण सांडू नये म्हनून असं करतेत. हा चूर्ण इकनारा माणूस हाय."

तुला कसे कळले, असे मी विचारले.

"नकला करतो ना मी. लोकं तोंड पाह्यतात, मी हात पाह्यतो."

आम्ही ते खडे किती वेळा मोजले होते! कागदाच्या घड्या मात्र कुणीच पाहिल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी धाड गावचा बाजार होता. तिथल्या ठाण्याला कळवून आम्ही सकाळीच साध्या कपड्यांत पोहोचलो. नटाने लांबूनच तीन चूर्णवाल्यांचे हात पाहिले आणि तिसऱ्याकडे मान हलवली. मी पोट धरून कण्हत त्याच्यापुढे गेलो. नाटकात आपणही काही कमी नाही. त्याने मला 'बाबा' म्हणून सावलीत बसवले, पाणी दिले, आणि पुडी बांधून दोन्ही टोके एकमेकांत खोचली. जमादाराने त्याचा तोच हात धरला. पोत चूर्णाच्याच डब्यात तळाशी निघाली. पुढे कोर्टाच्या हुकमाने ती म्हातारीला मिळाली.

संध्याकाळी नटाला आम्ही जीपने प्रयोगाला सोडले. मी आणि म्हातारी पहिल्या रांगेत. फौजदार रंगमंचावर आला, पण त्याने डरकाळी फोडली नाही. समोरच्या चोराला 'बापू' म्हणून बसवले, पाणी दिले आणि हळूच विचारले, "आता सांग." म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, "असं इचारा लागते, साहेब."

नोकरीच्या उरलेल्या वर्षांत मी तसेच विचारत आलो. आवाज चढवून जे कळले नसते, ते पेलाभर पाण्यावर कळले. आणि कुणाच्या घराण्याकडे पाहण्याआधी त्याच्या हातांकडे पाहायला शिकलो.

निवृत्तीनंतर एकदा त्या गावच्या एसटी स्टँडवर चहा पीत होतो. समोर पांढऱ्या केसांचा एक माणूस मान खाली घालून बसला होता. चेहरा ओळखीचा वाटला, पण आठवेना. चहावाला कानाशी आला आणि म्हणाला, "वळखलं नाही का, साहेब? कवाचा सुटून आला ना. आपल्या फौजदाराचा भाऊ."