भरली, रिकामी

रुग्णालयाच्या लाँड्रीत ट्रॉली ढकलणाऱ्याने वळणावर ओरडायचंच, असा दंडक होता. चादरींनी भरलेली असेल तर "भरली!", नसेल तर "रिकामी!" म्हणजे समोरच्याला कळे, नुसतं अंग चोरायचं की थेट भिंतीला चिकटायचं. तिथेच ट्रॉली ढकलणाऱ्या ताईची "भरली!" तर अशी खणखणीत, की वरच्या मजल्यावरचे पेशंटही पाय आवरून घेतात म्हणे.

या ताईच्या डोक्यात पन्नाशीच्या उंबरठ्यावर दहावीचं खूळ शिरलं. कारण साधंच होतं. गुडघे बोलायला लागले होते, आणि कपड्यांच्या कोठारातली बसून करायची जागा दहावी झालेल्यालाच मिळणार होती. बाकीचे विषय सुटले, विज्ञानात मात्र ती सपाटून आपटली. आता पुन्हा आपटली, तर ती जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती.

शिकवायला येई तिची धाकटी बहीण, छोटी. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, आणि रविवारी झोप मोडून, दोन बस बदलून ताईकडे यायची. "एवढी शिकलेली बाई माझ्यासाठी घसा कोरडा करते," म्हणता म्हणता ताईला भरून येई. असं नशीब कुणाचं असतं, असं तिला मनापासून वाटे.

पण संवेगापाशी घोडं अडलं. 'वस्तुमान गुणिले वेग' ताई घडाघडा म्हणे, आणि उलटसुलट विचारलं की मिठाची गुळणी धरे. 'स्थितिस्थापक टक्कर' म्हणताना तर जीभच दातांवर आदळे.

शेवटी छोटी म्हणाली, "पुस्तक मिट. चल तुझ्या लाँड्रीत."

सुट्टीमुळे यंत्रं बंद होती. छोटीने लांबलचक पॅसेजमध्ये एक रिकामी ट्रॉली उभी केली आणि दुसरी रिकामी तिच्यावर सोडली. पुढच्या रबरी पट्ट्या भिडल्या. आलेली ट्रॉली जवळजवळ जागीच थबकली, उभी होती ती निघाली.

ताई लगबगीने थबकलेल्या ट्रॉलीपाशी वाकली. "चाकात धागा अडकला असणार. रोजचं झालंय हे!"

"अगं, काही अडकलं नाही," छोटी हसायला लागली. "दोघी सारख्याच वजनाच्या ना? हिने आपला संवेग तिला देऊन टाकला. थोडीफार ऊर्जा आवाजात वाया गेली, ती सोड. टक्कर अगदी स्थितिस्थापक असती, तर तीही गेली नसती."

मग तिचं हसू मावळलं. "ताई, वर्गात हे शिकवताना मला तूच आठवतेस. बाबा गेले, तू शाळा सोडलीस आणि इथे लागलीस. तू थांबलीस, म्हणून मी निघाले. हे कधी बोलले नाही तुला."

कोपऱ्यातली चादरींनी गच्च भरलेली ट्रॉली ताईने ओढून आणली, रिकामीवर रोखली आणि सवयीने ओरडली, "भरली!"

धडक बसली. रिकामी सुसाट सुटली ती थेट टोकाच्या दारापर्यंत. पण भरलेली काही थांबली नाही. तिचा वेग कमी झाला आणि ती तशीच पुढे चालत राहिली.

"ही का नाही थांबली?" ताईने विचारलं.

"तूच सांग."

ताईने पदराने कपाळ पुसलं. "हिचं वस्तुमान जास्त. समोरची हलकी, तिला वेग भरपूर मिळाला. पण हिचा संवेग सगळा संपला नाही, उरलाय त्यावर ही चालतेय. दोघींची बेरीज मात्र आधी होती तेवढीच."

छोटीने टाळीच वाजवली. "झालं की गं! पेपरात अस्सं लिही, झालीस पास!"

"लिहीन. तुझ्यामुळे लिहीन," ताई म्हणाली. "पण मी थांबले, असं पुन्हा म्हणू नकोस. आईचं आजारपण होतं, घर होतं, दोन वेण्या घातलेली तू होतीस. हळू झाले असेन. पण थांबायला मी काय रिकामी होते?"