फुलसावंगीच्या लाइनवरची माझी चूक

मी पुसदला एका केबल कंपनीत नेटवर्कचं काम बघतो. आमचे टीव्ही चॅनल इंटरनेटच्या तारेतून गावोगावी जातात. चॅनलची एकच प्रत निघते आणि ज्या गावात कुणी ते लावलं असेल तिकडेच वळते. याला मल्टिकास्ट म्हणतात. प्रत्येक चॅनलला एक पत्ता लागतो. तो ठरवणं माझं काम.

मागच्या उन्हाळ्यात बरेच नवे चॅनल आले. लाइनमन लोकांना तोंडपाठ व्हावेत म्हणून मी सोपे पत्ते दिले. पाच नंबरला २३९.०.०.५, सहाला २३९.०.०.६. सगळे खूश. आठवडाभरात फुलसावंगीत चित्रं फुटू लागली.

तिथला लाइनमन जवळच्या तांड्यावरचा, माझ्याच वयाचा. भर उन्हात खांबावर चढून त्यानं फायबरचे जोड तीनदा कापले, पुन्हा जोडले. मग फोन केला.

"साहेब, जोडात काहीच नाही. तुमच्याकडूनच तारेत जास्त माल येऊन राह्यला."

"तुमी जोड पाहा भाऊ, मालाचं मी पाहतो," मी हसून म्हणालो.

आणि एकही मोजमाप न घेता मालकांना लिहून दिलं: जोड निकृष्ट. त्याचं काम बंद झालं.

नव्या माणसानं सगळे जोड बदलले. चित्रं फुटतच राहिली. कारण सापडल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवून मी फुलसावंगीला गेलो. गावाची लाइन काढली आणि पुसदहून येणारी तार फक्त लॅपटॉपला जोडली. आता चॅनल मागणारं कुणीच नव्हतं, त्यामुळे काहीच यायला नको होतं. जुने चॅनल गप्प होते. नवे मात्र सगळेच्या सगळे धो धो येत होते. ही लाइन आमच्यातली सगळ्यांत लहान, म्हणून इथंच ती भरून चित्रं फुटत होती.

२२४.०.० ने सुरू होणारे पत्ते राउटरांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखीव असतात. स्विच, म्हणजे चॅनल तारांमध्ये वाटणारी पेटी, त्या पत्त्यांवरचं सगळं कुणी मागो न मागो, सगळीकडे पाठवतो. पण स्विच पत्त्याची सुरुवात बघत नाही, शेवटचा भाग बघतो. त्याच्या लेखी माझे २३९.०.० आणि ते २२४.०.० एकच. हे मी शिकलेलो होतो. सोय बघितली आणि विसरलो.

पत्ते २३९.१० वर हलवले की संपलं. कुणाला कळलंही नसतं. तासभर मी तोच विचार करत बसलो, हेही लिहायला हवं. मग पत्ते बदलले आणि मालकांना फोन करून सगळं सांगितलं.

"चालू झालं ना? मंग कायले उकरून राह्यले?"

"त्यांना परत घ्या. नाही तर माझा राजीनामा घ्या."

मालक म्हणाले, "सोमवारपासून येऊ द्या."

तसाच तांड्यावर गेलो. लाइनमन बैलांना पाणी पाजत होता. बादली खाली न ठेवता त्यानं ऐकून घेतलं.

"माफी मले कायले मागता? गावातले लोकं मले कामचोर म्हणते. त्यायले सांगा."

"चला," मी म्हणालो.

ज्या ज्या घरून तक्रार आली होती, तिथं तिथं गेलो. चूक माझी, यांच्या जोडांत दोष नव्हता, असं दारात उभं राहून सांगितलं. तिसऱ्या घरी एका बाईंनी विचारलं, "मंग काम या भाऊचं काहून बंद झालं? तुमचं काहून नाही झालं?"

"माझंच व्हायला पाहिजे होतं, ताई," मी म्हणालो, आणि त्याला पुढचं घर विचारलं.