कर्जकाकांची बाग

कर्जकाकांनी जन्मात कुणाची उसनवारी केली नाही. शेजारून विरजण आणलं तर संध्याकाळी दही परत, आणि वर सायीचा थर एवढा की त्यावरून मांजर चालत जावं. तरी इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळच्या आमच्या गावातल्या मराठी मंडळीत त्यांचं नाव पडलं कर्जकाका. कारण भेटेल त्याला ते एकच सांगत, "कौन्सिलने कर्ज काढलंच पाहिजे!"

पेशाने भूलतज्ज्ञ. हयातभर हॉस्पिटलात माणसं झोपवली आणि निवृत्त झाल्यावर अख्खं गाव जागं केलं. ते नुसते खाकरले तरी स्टॉपवरची माणसं बस आली समजून उठत.

झालं होतं असं, की जुन्या बस डेपोची जागा ओसाड पडली होती. बाग करायला कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, पैसे नव्हते, म्हणून ती बिल्डरला विकायचं घाटत होतं. काका म्हणाले, सरकारकडून पन्नास वर्षांचं लोन काढा, कौन्सिल टॅक्समधून थोडं थोडं फेडा.

"अहो, कर्ज काढून कोणी बाग करतं का?" मंडळाच्या खजिनदार मोघेवहिनींनी विचारलं.

"वहिनी, तुमचं घर मॉर्गेजवर ना? झोप लागते ना त्यात? रोजच्या खर्चाला कर्ज काढतो तो बुडतो. इथे सावलीत तुमची नातवंडं बसणार. मग सगळे पैसे आपणच का भरायचे? थोडे आपण भरू, थोडे ती भरतील."

कौन्सिलच्या सभेत कर्जाच्या ठरावावर मतदान होतं त्या दिवशी, शुभकार्याला रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून, काका बेसनलाडवांचा डबा घेऊन गेले आणि दारातच एकेका कौन्सिलरच्या हातावर लाडू ठेवला. बागेच्या बाजूच्यांनी तो तिथेच फस्त केला. विरोधकांनी टिश्यूत गुंडाळून खिशात टाकला.

कौन्सिलच्या वकीलबाई पांढऱ्याफटक पडल्या. "डॉक्टर, मतदानाआधी भेट? किरकोळ असेल तर ठीक. महागडी असेल तर ज्यांनी खाल्ली त्यांना मत देता येणार नाही. किंमत काय हिची?"

काकांची छाती फुगली. "मॅडम, आमच्या हिच्या हातचा लाडू आहे. अमूल्य!"

संपलं. बाग गेलीच म्हणायची. तेवढ्यात प्रेक्षकांच्या गॅलरीतून काकू मराठीत कडाडल्या, "अहो, किरकोळ म्हणा! बेसन जुनं होतं, तूपही कमीच पडलं होतं!"

एवढ्या वर्षांच्या संसारात जे बोलायची छाती झाली नव्हती, ते काकांनी भर सभेत उच्चारलं. "लाडू किरकोळ आहेत."

ठराव एका मताच्या फरकाने पास झाला. काकू मात्र आठवडाभर बोलल्या नाहीत. "मी म्हटलं म्हणून लगेच म्हणायचं?"

बाग झाली. गुडघे थकल्यावर काका-काकू लेकीकडे साउथहॅम्प्टनला निघाले. आदल्या दिवशी काकांनी मला हाताला धरून तिथे नेलं. ओकची झाडं तेव्हा छत्रीच्या दांड्याएवढी होती.

"ही आता तुझ्यावर सोपवतो," काका म्हणाले. "तू तरुण आहेस, नोकरीत आहेस, अजून पुष्कळ टॅक्स भरशील. पळून जाऊ नकोस."

मागच्या हिवाळ्यात काका तिकडेच वारले. यंदा मला लंडनमध्ये ईलिंगला दीडपट पगाराची नोकरी चालून आली होती. नाही म्हणालो. बायकोला कारण सांगितलं मुलीच्या शाळेचं.