निळ्या रंगावरचा बोल्ट

ऑइलपेंटचा वास आला की इंदुरीचे ते भाऊ आठवतात. जीपला जोडून तंबूंचं सामान न्यायची त्यांची जुनी ट्रॉली दसऱ्याला निळी रंगवलेली होती आणि मी तिला इलेक्ट्रिक ब्रेक जोडत होतो. अर्थिंगच्या वायरीसाठी रंग खरवडून लोखंड उघडं करावं लागतं, नाहीतर ब्रेकला करंट नीट मिळत नाही. "पूजा झालीय, वरखडा बी नको," भाऊ म्हणाले. मी रंगावरच बोल्ट आवळला. "धरत्याल ना ब्रेक?" "व्हय भाऊ, बिनघोर जावा." लोणावळ्याहून पवनेकडे उतरताना ट्रॉलीचे ब्रेक लागलेच नाहीत, तिने जीप कठड्यावर ढकलली, भाऊंचा पाय गेला. दवाखान्यात म्हणाले, "मीच उशिरा दाबला रं, तुजं काम चोख व्हतं." मी त्यांनी दिलेलं सफरचंद खाल्लं. ब्रेकच्या कामाला भाऊ अजून माझ्याकडेच माणसं पाठवतात. मी ते काम घेतो.