तीन चाकांवरचा मनोरा

फ्रान्समधल्या कोरेझच्या डोंगराळ मुलखात लग्न म्हटलं की जळत्या साखरेच्या पाकानं चिकटवलेला क्रीम पफचा मनोरा हवाच. आमच्या पंचक्रोशीत तो लेऑन्स बुर्दारियासच्याच भट्टीतला हवा. लेऑन्स तोंडाचा फटकळ, पण आमचे रस्ते असे की दुसऱ्या कुणाचा मनोरा अर्ध्या वाटेतच माती खायचा. लेऑन्सचा मात्र पोचायचा, कारण त्याच्याकडे बेडकी होती.

बेडकी म्हणजे त्याची जुनी लांबलचक मोटार. तिला स्प्रिंगा नव्हत्या. तेल आणि कोंडलेली हवा यांच्या जोरावर ती उभी राहायची. सकाळी जमिनीला पोट टेकून बसलेली असायची. लेऑन्स इंजिन चालू करून टोपी काढायचा आणि म्हणायचा, "उठा बाईसाहेब." मग आधी मागची बाजू उचलायची, मग पुढची. खड्डा आला तर चाकं काय ती खालीवर व्हायची, आतल्या माणसाला पत्ता लागत नसे. वळणावर बोटीसारखी कलायची खरी, पण तोल सोडायची नाही.

बायको गेल्यापासून लेकीला, सोलांजला, तो मागं मनोऱ्यापाशी बसवायचा. दोन्ही तळवे लावून तिनं गावातल्या सगळ्या पोरींचे मनोरे पोचवले. आता तिचं स्वतःचं लग्न होतं, आणि मनोरा धरायला मागं कुणीच नव्हतं. विहीणबाई मादाम बुइसू शहरातून केक मागवू म्हणाल्या, तेव्हा लेऑन्स उखडला. "माझ्या लेकीचा मनोरा माझ्या हातचाच येईल, आणि अख्खा येईल!"

पाक दमट हवेत विरघळतो, म्हणून मनोरा अगदी शेवटी रचायचा असतो. चर्चमधलं लग्न आटोपलं, पाहुणे बुइसूंच्या शेतावर प्यायला बसले, तेव्हा लेऑन्स मनोरा आणायला परतला. विहीणबाई राखणीला म्हणून सोबत आल्या. भट्टीवर मनोरा रचून गाडीत मागं ठेवला आणि दोघं शेताकडं निघाले. विहीणबाई भक्कम, पुढची सीट भरून बसल्या.

"या बेडकीत मळमळतं हो मला, व्याही."

"मळमळेल, पण हाडं शाबूत राहतील."

शेताच्या दगडी वाटेवर मागचं डावं चाक फुटलं. लेऑन्सनं कपाळावर हात मारला. जादा चाक मंगळवारीच वापरलं होतं, आणि फुटकं चाक लग्नाच्या धांदलीत मेकॅनिककडेच राहिलं होतं.

"झालं! आता आणा म्हणावं अख्खा!" विहीणबाई म्हणाल्या.

लेऑन्सनं आतला दांडा ओढला. बेडकी चारी चाकांवर उंच झाली. त्यानं खाली टेकू लावला, दांडा उलटा केला, तसं फुटलेलं चाक आपोआप अधांतरी आलं. ते त्यानं काढून खंदकात फेकलं, गाडी परत उंच केली आणि टेकू काढला. बेडकी तीन चाकांवर उभी राहिली.

"विहीणबाई, पुढच्या उजव्या, तुमच्या कोपऱ्यावर सगळा भार आहे. तुम्ही हललात की मागचा डावा कोपरा बसला, आणि मनोरा गेला."

"म्हणजे माझं वजन कामी आलं म्हणा की!"

"देवानं दिलंय, विहीणबाई. दाराला चिकटून बसा."

त्या बसल्या. श्वाससुद्धा जपून घेत होत्या. बेडकी दगडांवरून तीन पायांच्या कुत्र्यासारखी निघाली, पण मागं मनोरा हलला नाही. लेऑन्स सारखा आरशात बघत होता. तिथं सोलांजचा चेहरा दिसायची त्याला सवय होती, आणि आज तो नव्हता.

अंगणात पाहुण्यांचा गलका झाला. कुणीतरी आदबीनं विहीणबाईंचं दार उघडायला धावलं.

"दूर हो मेल्या!" त्या ओरडल्या. "मी हलायची नाही! आधी ओंडका आणा, मग मनोरा काढा, मग मला!"

ओंडका गाडीखाली सरकवला. मनोरा अख्खा उतरला. लेऑन्सनं इंजिन बंद केलं, बेडकी उसासा टाकत ओंडक्यावर टेकली, आणि तो तिथंच तिच्याशेजारी उभा राहिला. आत जावंसं वाटेना. आत गेलं की लेक परक्या घरची होणार होती.

सोलांज मनोऱ्याच्या टोकावरचा पफ घेऊन बाहेर आली. तो नवरीचा असतो. तिनं अर्धा मोडून बापाच्या तोंडात घातला.

"आज मागं धरायला मी नव्हते, पप्पा."

लेऑन्सनं बेडकीच्या टपावर थोपटलं.

"पुढच्या शनिवारी मनोरा कुणाकडं आहे?" तिनं विचारलं.

"आहे एक, खालच्या गावात. का गं?"

"इथूनच वाटेवर आहे. मला घ्यायला या," सोलांज म्हणाली. "चाक मात्र लावून या."