बिरूमामांच्या कानातल्या बाळ्या

या परक्या देशात मला ज्यांनी सांभाळून घेतलं त्यांचं नाव बिरूमामा. नाव आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात माझी बाजू चांगली नाही, आणि ते सांगताना मी कदाचित अडखळेन.

मामा आटपाडीकडचे. सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलं. एकुलती मुलगी शोभा इथे नर्स, तिने कागद करून आणलं. बंद घरात जीव रमेना म्हणून अमेरिकेतल्या अर्विंग गावातल्या एका देशी दुकानाच्या मागच्या किचनमध्ये ते कणीक मळायला लागले. मी तिथेच पोळ्या लाटायचे. मामांच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांत जाड तारेच्या सोन्याच्या बाळ्या. रोज सकाळी हात धुतले की ओल्या बोटांनी आधी उजवी बाळी चाचपायची, मग डावी, मग पुन्हा साबण लावून हात धुवायचे. पहिल्याच दिवशी मी विचारलं, हे काय हो मामा? म्हणाले, "आई हाय का बघतो."

त्यांच्या आधीची तिन्ही भावंडं पाळण्यातच गेली होती. मामा झाले तेव्हा आईने पाच घरी पदर पसरून गुंज-गुंज सोनं मागितलं आणि त्याच्या बाळ्या करून घातल्या. भीक मागून आणलेल्या पोराला यम नेत नाही, अशी समजूत. वाढत्या वयात सोनं वाढवून त्या मोठ्या केल्या, पण मूळचं सोनं तेच. सोनाराने तारेला तार पिळून बसवलेल्या, त्यामुळे काढायची सोयच नव्हती. "मी इकत घेतलेला न्हाई, मागून आणलेला माणूस हाय," असं ते कुणालाही ऐकवायचे.

पण इथे कुणाला काय दिसेल सांगता येत नाही. दुकानात एका लहान मुलाने आईला विचारलं, ते समुद्री चाचे आहेत का? शोभाने अर्थ सांगितल्यावर मामांना तो मान फार आवडला. भांडी घासणारा एर्नेस्तो मेक्सिकोचा, चाळिशीचा. त्याच्या कानात पांढरा खडा. तो घातला म्हणून बाप दोन वर्षं बोलला नव्हता म्हणे. मामांनी ते हातवाऱ्यांनी समजून घेतलं आणि म्हणाले, "माज्या आईनं पदर पसरला आन् ह्याच्या बापानं पाठ फिरवली. भोक तेवढंच." कुणीतरी सांगितलं, अमेरिकेत पुरुषाने एका कानात घातलं तर त्याला बाया आवडतात असं समजतात, दुसऱ्या कानात घातलं तर पुरुष. मामा हसले. "म्हनून दोन्हीत घालावं. बघणाऱ्यानं दमावं."

माझं शिक्षण आठवीपर्यंत. इंग्रजी येत नाही, त्यामुळे इंग्रजीत पत्र आलं की मी ते तसंच पिशवीत घालून कामावर आणायचे. मामांनाही इंग्रजी येत नव्हतं, पण ते माझं पत्र घरी नेऊन शोभाकडून वाचून आणायचे आणि दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडायचे, "सुमन, भ्यायचं न्हाई, लाइटवाल्यांचं हाय!" माझा नवरा शिडीवरून पडून मनगट मोडून घरी बसला, तेव्हा माझं काम हेच आमचं सगळं होतं. त्यातच एकदा माझी टिकली कुणाच्या तरी डब्यातल्या आमटीत निघाली. दुकानाचे मालक, शेठ, म्हणाले, "अगली बार ऐसा हुआ तो घर बैठना." मी हो म्हटलं.

मग गणपती आले. इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाची ऑर्डर आमच्या किचनकडे होती, आणि पुरणपोळ्या तव्यावरून गरम वाढायच्या म्हणून आम्ही हॉलच्या किचनमध्येच मांडामांड केली होती. कमिटीतला सौरभ सकाळी डोकावला. पुण्याचा, आयटीतला. रेशमी कुर्ता, आणि उजव्या कानाच्या वरच्या कडेला मोत्यांची भिकबाळी. मामांना बघून एकदम खूश. "वॉव काका, ऑथेंटिक! आपण सेम टू सेम. एक सेल्फी काढू या."

मामांनी कौतुकाने विचारलं, "तुमच्या आईनं कुठं कुठं मागितलं?"

"मागवली ना, ऑनलाइन. प्रेसची आहे काका, भोक पाडायला नाही लागत."

"बरंय," मामा म्हणाले, "दुखत न्हाई मग."

दुपारी पहिल्या पंगतीतच एका आजोबांच्या दाताखाली काहीतरी कडक आलं. कमिटीच्या वैशालीताई पेपर नॅपकिनमध्ये ते घेऊन किचनमध्ये आल्या, मागे सौरभ, मागे शेठ. नॅपकिन उघडला. सोन्याची फिरकी, कुडीच्या मागची. मी ती ओळखली. उजव्या कानातली कुडी सकाळपासून सैल लागत होती आणि मी नंतर बघू म्हणत होते.

"कोणाचं आहे हे?"

किचनमध्ये आम्ही चौघी बायका. चौघींच्या कानांत काही ना काही होतंच. पण बाईच्या कानात सोनं असायचंच, ते कुणाच्या नजरेत भरत नाही. सौरभने वर बघितलं ते थेट मामांकडे. "ओह गॉड, काका, तुमचे इअररिंग्ज! किचनमध्ये घालतात का यार?"

मामांच्या बाळ्यांना फिरकी नव्हतीच. हे त्याला कळलं नाही, त्याच्या स्वतःच्या कानात भिकबाळी असूनही. मी केसांवरची जाळी हळूच कानांवर ओढली. मामांनी ते बघितलं. माझ्याकडे बघतच म्हणाले, "व्हय. माजंच."

"पुरुषमाणसाला कशाला हवी ही हौस?" वैशालीताई म्हणाल्या. त्यांच्या शेजारी सौरभ भिकबाळीसकट उभा होता. "आधी काढा ते. काढल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही." शेठ म्हणाले, "मामा, निकालो, प्लीज."

निघणार कशा? शेवटी सौरभने गाडीतून पक्कड आणली. "सॉरी हां काका, पॉलिसी आहे," असं म्हणत त्यानेच तार तोडली. मामा खाली बसले होते, डोळे मिटून. तुटलेल्या बाळ्या वैशालीताईंनी एका कागदी प्लेटमध्ये ठेवल्या आणि वाढपाच्या घाईत प्लेट टेबलावरच राहिली. संध्याकाळी टेबल साफ होतं. उष्ट्या प्लेटांबरोबर तीही काळ्या पिशवीत गेली. हॉलमागच्या मोठ्या कचरापेटीतल्या सगळ्या पिशव्या मी फोडल्या, कोपरापर्यंत हात पुरणाने आणि आमटीने भरले. काही मिळालं नाही. आत ढोल वाजत होता, आणि पथकाच्या पुढे नाचणाऱ्या सौरभची भिकबाळी सगळे फोटोत घेत होते.

शेठने मामांना आठवड्याभरात "आराम करो" सांगितलं. मी पोळ्या लाटत राहिले. माझं काम टिकलं.

पंधरा दिवसांनी शोभाच्या घरी जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. कानांच्या भोकांत टूथपिकचे तुकडे होते, बुजू नयेत म्हणून. मी म्हटलं, मामा, का केलंत? म्हणाले, "तुज्या कानाकडं कुणी बघणार नव्हतं. माज्याकडं बघणारच हुते. त्येंनी आदीच ठरवलं हुतं, मी निस्तं व्हय म्हनलं." मग सवयीने हात कानाकडे गेला आणि काडीला लागून परत आला. "आईला काय सांगू, येवढंच वाटतं. तिनं मागून आणलेलं मी काढून दिलं."

दिवाळीआधी ते गावी परत गेले. शोभा म्हणते, तब्येत बरी नसते. व्हिडिओ कॉलवर मी आधी त्यांचे कान बघते. अजून काड्या आहेत, आता कडुनिंबाच्या.

नव्या बाळ्या मी दुकानातून घेणार नाही. विकत घेतलेल्या त्यांना चालायच्या नाहीत. मी पाच घरी पदर पसरणार आहे. पहिलं घर सौरभचं, दुसरं वैशालीताईंचं, तिसरं शेठचं, चौथं ज्यांच्या दाताखाली फिरकी आली त्या आजोबांचं, पाचवं एर्नेस्तोचं. मागताना कुणासाठी आणि का ते सांगावं लागतं, तसा रिवाज आहे. म्हणून प्रत्येक दारात आधी सांगेन की फिरकी माझी होती. त्याआधीच हे मंडळाच्या अंकात छापून आलं तर शेठला कुणीतरी वाचून दाखवेलच. नवऱ्याचं मनगट अजून धड नाही, पण लिहिलेलं आता खोडणार नाही.

मामा, तुमच्या बाळ्या मी मागून आणते. तोवर कान बुजू देऊ नका.